शेवटची बेचाळीस पानं

यादीत सहा पुस्तकं होती.
सोहारला पोचलं त्यातलं एक,
टिपणीसबाईंच्या भावजयीच्या बॅगेतून,
लोणच्याच्या बरणीखाली दबून,
मलपृष्ठावर तेलाचा एक नवाच देश घेऊन.

वाचणारे आम्ही पाच. निकालाला नऊ दिवस.
इनास तुस्कानो म्हणाला, सुरी आणा.
तो रिफायनरीत पाइप कापतो,
त्याला कापण्याचं भय नाही.
टिपणीसबाईंनी डोळे मिटून घेतले.
कादंबरीचे पाच तुकडे झाले,
उसवलेल्या शिवणीसारखे, नीट.
चिठ्ठ्या टाकल्या.

मला आला तिसरा.
पान एकशे अठ्ठावीस, वाक्याच्या मधूनच :
आणि म्हणून तिने दार उघडलं नाही.
कोण ती? कुठलं दार?
नऊ रात्री मी प्लांटवर
समुद्रातून मीठ वेगळं करत होते
आणि त्या दारापाशी उभी होते.

गुरुवारी जमलो सफिया परकारच्या खोलीवर,
खाली शिवणयंत्रं, वर खडखडणारा एसी,
फ्लास्कमध्ये कराक, खुबूसला शेंगदाण्याची चटणी.
ही एका विहिरीची गोष्ट आहे, टिपणीसबाई म्हणाल्या.
विहीर? इनास उखडला. अहो, दोन भाऊ आणि युद्ध!
सफिया म्हणाली, माझ्या भागात कुणी मरत नाही,
नुसते कांदे चिरतात, साठ पानं.
मी म्हटलं, दार.
आपापला तुकडा छातीशी धरून
आम्ही असे भांडलो
की खालचं एक यंत्र थांबलं.

पाचवा तुकडा नव्हता.
हुसेन मुकादम, टगबोटीचा सारंग,
याचं कंत्राट मंगळवारी संपलं, बुधवारी विमान.
गेला दाभोळला, शेवट घेऊन.

मग वाद बक्षिसाचा :
अर्धं लेखिकेला, अर्धं अनुवादकाला.
पाइप बनवणारा आणि बसवणारा, दोघांना सारखा पगार?
इनास म्हणाला, अठरा वर्षांत पाहिलं नाही.
आपल्या भाषेतलं कुणीच का नाही यादीत,
टिपणीसबाईंचा आवाज चढला.
सफियाने शांतपणे विचारलं,
आपल्या भाषेतलं शेवटचं कधी घेतलंत विकत?
बाई चटणीकडे बघत राहिल्या.

मी माझं पाणी मध्ये आणलं.
मीठ काढलं की पाणी इतकं निर्मळ होतं
की जिभेला ओळखच पटत नाही.
मग आम्ही त्यात थोडा चुना घालतो.
अनुवादक म्हणजे तो.
म्हणजे चुना लावतो म्हण ना, इनास म्हणाला,
आणि सगळे हसले, मीसुद्धा, उशिरा.

दहाच्या पुढे निकाल लागला.
दूरच्या एका थंड शहरात
कोटातला एक माणूस उभा राहिला,
आमचं नव्हे, दुसरंच पुस्तक.
त्याचं नाव आम्हांला नीट उच्चारताही येईना.
टाळ्या वाजत होत्या, सफियाने फोन उपडा ठेवला.
एवढ्याशा खोलीत हरल्यासारखं वाटलं,
आणि नक्की काय हरलो ते तर
कुणीच पूर्ण वाचलेलं नव्हतं.

फोन थरथरला.
मुकादमचा निरोप, बोललेला,
अठ्ठावीस मिनिटांचा.
वाचतोय, म्हणाला, पण माझ्या बोलीत,
इंग्रजी माझं बोटीपुरतं, चुकलं तर माफी.
मागे कुणी कोंबड्यांना हाकलत होतं.
तवा ती बाय उठली, त्याने सुरू केलं,
आणि विहीर आली, भाऊ आला, एकच,
कांद्याचा वास आला,
आणि तिने कडी काढली.
दारात भरतीचं पाणी.

टिपणीसबाई दचकल्या.
अहो, या देशाला समुद्रच नाही!
पहिल्याच पानावर आहे तसं.

कुणी काही बोललं नाही.
निरोपाची अजून चौदा मिनिटं होती.
इनास उठला,
बाहेर चाळीस अंशांची रात्र,
तरी त्याने एसी बंद केला,
ऐकू यावं म्हणून.