कित्ता

हडर्सफील्डमधले रस्ते उभेच असतात,
आडवं पडायला त्यांना जागा मिळालेली नाही.
आमची गल्ली तर भिंतीला टेकवलेली शिडी.
गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी वरच्या नाक्यावर थांबते,
खाली उतरत नाही.
मी माझा डबा ओढत नेते. मग परत खाली येते
आणि हिंचलिफसाहेबांचा नेते.

त्यांच्या खुब्यात धातूचा सांधा आहे.
आम्ही राहायला आलो त्या वर्षी
त्यांनी कौन्सिलला पत्र लिहिलं होतं, आमच्या बोंबलांवरून.
शेजारच्या घरात कुणीतरी मेलं असावं, असा संशय.
त्या पत्राची प्रत शांतवननं अजून जपून ठेवली आहे,
विम्याच्या कागदांत.

बापू वांबोरीच्या मिशनशाळेत पहिलीला शिकवायचे.
पाटीवर ठळक अ काढून द्यायचे,
माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवून म्हणायचे, गिरव.
पुसट होईस्तोवर नाही, जाड होईस्तोवर.
आणि रविवारी देवळात, त्याच आवाजात:
प्रभूनं कित्ता घालून दिलाय, आपण फक्त गिरवायचं.
मला वाटायचं, त्याच्यापाशीही पेन्सिल असणार,
थुंकीनं पाटी पुसायची खोडही असणार.

पुढे कळलं,
एकदाच लिहिलं त्यानं. बोटानं, मातीत,
एका बाईभोवती दगड घेऊन माणसं उभी होती तेव्हा.
काय लिहिलं, ते कुणीच उतरवून घेतलं नाही.
त्याच्या हातचं एक अक्षर आपल्यापाशी नाही
आणि बापू म्हणतात, गिरव.

बरं, उजवा हात काय करतो
ते डाव्याला कळू नये म्हणतात.
पण हा डबा दोन हातांशिवाय चढ चढत नाही.
डाव्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे.
आणि मी काय कमी? उपासनेनंतरच्या चहाला
पाळकबाईंना सांगूनच टाकलं, दोन डबे, पावसात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.
त्या "अरे वा" म्हणाल्या. केक गोड लागला.
घरी येईपर्यंत तोंड कडू.

एका बुधवारी ते फाटकातून म्हणाले, तुम्ही लोक.
पुढचं मी ऐकलं नाही. तेवढं पुरे होतं.
दुसऱ्या दिवशी माझाच डबा वर नेला,
त्यांचा तिथंच राहिला, तोंडोतोंड भरलेला.
इस्पितळाच्या धुलाईखात्यात त्या रात्री
चादरींच्या घड्या मी फार टोकदार घातल्या.

शनिवारी वारा सुटला. डबा कलंडला.
मध्यरात्री टिनपाटांचा खडखडाट उतारावरून निघाला
आणि आमच्या पायरीशी येऊन थांबला.
बॅटरी घेऊन बाहेर गेले:
सूपचे नऊ डबे. एका माणसाचे नऊ दिवस.
प्रत्येक आतून विसळलेला,
कागद काढून, झाकण आत दुमडलेलं,
उचलणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून.

मी पायरीवर बसले. बराच वेळ.
थंडी फार होती, एवढंच सांगते.

आज गुरुवार. रात्रभर हिव पडलंय.
त्यांचा डबा नाक्यावर लावून मागे वळून पाहिलं
तर पांढऱ्या गल्लीवर त्यांच्या दारापासून दोन रेघा,
चाकांच्या, थेट वरपर्यंत.
दुरेघी वही असते ना, पहिलीतली,
तशी.
आणि रेघांच्या मधे माझी पावलं,
एक आत, एक बाहेर, एक घसरून लांब ओढलेलं.
बापूंनी पाहिलं असतं तर काहीही न बोलता
मुठीवर मूठ ठेवली असती.

दुपारी रिकामा डबा खाली आणला, भिंतीशी लावला.
काचेवर टकटक.
हिंचलिफसाहेब आतून बोट गोल फिरवत होते:
उलटा ठेवलाय. मूठ भिंतीकडे हवी.

मी वळवला.