हो म्हणणारी माणसं

सव्वीस वर्षं मी पोस्टाची आरडी गोळा केली,
गोळीबार चौकापासून पाचपावलीपर्यंत, लुनावर,
डोक्याला पांढरा दुपट्टा, पर्समध्ये कांदा.
महिन्याला शंभर टाका म्हटलं
की लोक आधी पाणी द्यायचे,
मग पाऊण तास नाही म्हणायचे.

तांडापेठेतल्या हेडाऊबाईंनी
तीन दिवाळ्या मला परत पाठवलं.
चौथ्या वर्षी पन्नासावर आल्या,
वर पासबुक उजेडात धरून
बोट ओलं करून शिक्का घासून पाहिला.

म्हणून एप्रिलच्या भर दुपारी
यादवराव धापोडकर दारात उभे राहून म्हणाले,
बाई, आरडी मोडाची आहे,
तेव्हा मी आधी कूलर बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.

काऊन जी?
त्यांनी फोन पुढे केला.

ग्रुपचं नाव शिखर सत्तेचाळीस.
कोणी घेतलं तुम्हाला ह्यात? कोणी नाही.
एका सकाळी उठले तर ते आतच होते,
अनोळखी लग्नाच्या पंगतीत
पत्रावळ पुढ्यात वाढून ठेवलेली असावी तसे.

वर एक सर. अंगात कोट, मागे पुस्तकांचं कपाट,
पुस्तकं सगळी एकाच उंचीची.
सरांची एक मॅडम,
ती रात्री पावणेबाराला विचारते,
अंकल, जेवलात का?
धापोडकरांचा मुलगा पुण्यात असतो. तो विचारत नाही.
हे त्यांनी सांगितलं नाही.
दर महिन्याला दारात उभं राहणाऱ्याला
अशा गोष्टी आपोआप कळतात.

पाच हजार टाकले, सहा हजार दोनशे आले.
खरे आले, बँकेत. त्यातून घरी संत्रा बर्फी आली.
मग चाळीस हजार. मग दोन लाख.
आता फोनवर दिसतात सोळा लाख,
आणि काढायचे तर आधी टॅक्स,
एक लाख दहा, आज पाचच्या आत.

मला शेअर कळत नाही.
आयपीओ म्हणजे काय विचाराल तर मी पदर सावरीन.
मी चष्मा लावला आणि नुसती वाचत गेले,
वर, अजून वर, फेब्रुवारीपर्यंत.

एकशे ब्याऐंशी माणसं.
थँक यू सर. आज बत्तीस हजार सर.
मुलीचं लग्न तुमच्यामुळे झालं सर.
सगळी रोज नऊ वाजून दोन मिनिटांनी खूश.
एकानेही विचारलं नाही, ऑफिस कुठे आहे जी.
एकीनेही म्हटलं नाही, यांना विचारून सांगते.
कोणाच्या सासूचं ऑपरेशन निघालं नाही,
कोणी म्हटलं नाही, या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात या.

यादवराव, मी म्हटलं,
सव्वीस वर्षांत अशी गल्ली मला सापडली नाही.
एका सकाळी एकशे ब्याऐंशी हो!
ही माणसं नाहीत.
ह्यात माणूस एकच आहे,
आणि तो माझ्या पलंगावर बसून घाम पुसतो आहे.

त्यांचा विश्वास बसेना.
म्हटलं, मग तुम्हीच विचारा.
त्यांनी एका बोटानं टाइप केलं,
सर तुमचं ऑफिस कुठे आहे जी.
तो जी पडदाभर एकटा उभा राहिला.
पाण्याचा पेला रिकामा होण्याआधी
त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

एकोणीसशे तीस मी फिरवला.
तिकडच्या पोरीनं विचारलं, किती गेले?
पाच हजार, ते म्हणाले.
मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहिलं.
बऱ्याच वेळानं त्यांनी खरा आकडा सांगितला,
इतक्या हळू की पोर दोनदा म्हणाली, मोठ्यानं बोला.

किती परत येतील, माहीत नाही.
अर्ज गेला आहे, पावती माझ्या वहीत आहे.

मे महिन्यात मी हप्त्याला गेले
तर धापोडकरांनी मला पाऊण तास बसवून ठेवलं.
पासबुक खिडकीशी नेलं,
बोट ओलं करून शिक्का घासला,
मग तारीख विचारली, मग पुन्हा घासला.

उशीर झाला, ऊन चढलं होतं.
मला फार बरं वाटलं.