गेट नंबर दोन

पहिल्या दिवशी गळ्यात कार्ड आलं.
त्यावर माझा फोटो, खाली लाल अक्षरांत
मुदत : तीस जून.
आणि समोरच्या भिंतीवर पितळेत कोरलेलं,
आम्ही दहा वर्षांचा विचार करतो.

सेनापती बापट रस्ता, सहावा मजला.
एसी इतका, की ऐन मे महिन्यात
मी ओढणी दोनदा गुंडाळून बसायची.
खाली रसवंतीचं चाक फिरताना दिसे,
घुंगरू ऐकू येत नसत.

शेजारी मिरजेचा तौसीफ,
सीएचा पहिला ग्रुप दोनदा राहिलेला.
त्याला सिमेंट मिळालं, मला लोखंडाचं ओतकाम.
"ताळेबंद सगळेच वाचतात," दस्तूर मॅडम म्हणाल्या,
"तू जाऊन बघून ये."

म्हणून भोसरीत, गेट नंबर दोनच्या समोर
टपरीच्या बाकावर, मांडीवर वही घेऊन
मी ट्रक मोजले.
सोमवारी एकेचाळीस.
मंगळवारी अडतीस, शिवाय एक पाण्याचा टँकर;
तो धरायचा की नाही
हे बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.
बुधवारी एकोणीस.

शेवटी वॉचमनच रस्ता ओलांडून आला.
छातीवर पट्टी : डी. आर. लोणकर.
"कुणाची वाट बघताय?"
"कॉलेजचं प्रोजेक्ट आहे."
खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.
"मग सावलीत बसा की, डोकं धरेल,"
म्हणत त्यानं केबिनीतून तांब्या आणला,
वर पालथा पेला.
मी पाणी पीत होते आणि तो
घरातलं दुखणं सांगावं तसं सांगत होता :
मार्चपासून रात्रपाळी बंद.
भट्टी एकच पेटते.
त्याला आता दिवसाची ड्यूटी.
"पोराला मात्र संध्याकाळी बाप दिसायला लागला."

परतीच्या बसमध्ये सगळं लिहून काढलं,
तांब्यासकट.
ऑफिसात त्याची एक ओळ झाली :
क्षमतेचा वापर निम्म्यावर; स्रोत, प्रत्यक्ष भेट.
पोरगा कुठल्याच रकान्यात बसेना.
मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली.
"छान," म्हणाल्या, वर न बघता.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या कंपनीतून बाहेर पडलो.
'आम्ही'.
मी हा शब्द तौसीफला दोनदा ऐकवला.

चहा ठेवताना अंकुशदादा हळूच विचारायचा,
"ताई, आमच्यासारख्यानं काय घ्यावं?"
बोलायचं नाही, अशा कागदावर माझी सही.
"सांगता येत नाही हो, दादा."
"मग बिस्कीट घ्या," म्हणून तो पुढच्या टेबलाकडे.

तीस तारखेला कार्ड परत केलं.
गळ्याला त्याची सवय झाली होती,
लिफ्टमध्ये हात दोनदा वर गेला.
खाली रसवंतीवाल्यानं चाक ताडपत्रीत बांधायला घेतलं होतं.

रात्री बार्शीहून अप्पांचा फोन,
मागे दुकानातला तराजू खणखणत होता.
"दोन महिने नेमकं काय केलंस तिथं?"
"मोजलं."
"पैसे?"
"ट्रक."
अप्पा बराच वेळ हसले.
मी त्यांना टँकरचं विचारणार होते,
धरायचा असतो की नाही.
तेवढ्यात त्यांना कुणीतरी
पाव किलो डाळ मागितली.