पंधरा रियाल, साडेतीनशे बैसा

मुत्राच्या बँकेत, दुसऱ्या मजल्यावर,
शमसा नावाच्या मुलीनं कागदावर एक रेघ ओढली.
रेघेच्या खाली असलात, म्हणाली,
तर एक साधं पत्र, दूतावासाचा शिक्का, विधवेची सही,
झालं.
वर गेलात तर कोर्ट.
रेघ दोन हजार रियालवर होती.

तू कधी कुठल्याच रेघेच्या वर नव्हतास, भार्गवदा.
मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

रूवीच्या खोलीत तुझ्याच खाटेवर बसून हिशेब मांडला.
खात्यात चौदाशे बारा, वर साडेतीनशे बैसा.
नव्या कंपनीतल्या चार वर्षांची ग्रॅच्युइटी, पाचशे चाळीस.
शेवटच्या महिन्याचे बारा दिवस, त्रेसष्ट.
पान्यांचा डबा धरला नाही, तो कंपनीचा निघाला.
हलव्याची दोन पाकिटं, मेच्या सुट्टीसाठी घेतलेली,
कुठल्या रकान्यात घालू, कळलं नाही.
एक मी फोडलं.

बेरीज तीनदा केली.
पंधरा रियाल साडेतीनशे बैसा
तू रेघेच्या वर.

आणि गादीखाली तो पुठ्ठा,
ऑइल फिल्टरच्या खोक्याचा, मागं बॉलपेननं लिहिलेलं:
जा काय आसा ता सगळा नलिनीचा.
सही, तारीख. साक्षीदार एकच, कुट्टन,
जो त्रिशूरला गेला आणि ज्याचा नंबर आता लागत नाही.
वकिलानं पुठ्ठा उजेडात धरला, हुंगलाही बहुधा.
हे मृत्युपत्र असेल किंवा पुठ्ठा असेल, म्हणाला,
ते कोर्ट ठरवील.
प्रोबेट इथं लागेल, तिथं लागेल,
दोन्हीकडे, की कुठंच नाही,
ते आधी रक्कम ठरवील.
एवढं सांगायचे त्यानं वीस रियाल घेतले.
ते मी माझ्या खात्यावर टाकले.

देणी वजा होतात, शमसा हळूच म्हणाली होती.

म्हणून मी तुझी कर्जं शोधत निघालो.
माणूस मेल्यावर असली आशा
कुणी केली असेल का?
झुबेर न्हाव्याकडे गेलो. दोन महिन्यांची दाढी बाकी असणार.
त्यानं वस्तरा पुसला. म्हणाला, चुकता झाला.
कधी? त्यानं उत्तर दिलं नाही.
मोनीरच्या भाजीच्या गाडीवर वही होती,
तुझं नाव होतं, नावापुढं सहा रियाल,
सहावर माझ्यासमोर काट.
हमझाक्काकडे तर मीच पाहिलं होतं तुला
रोज दोन चहा, एक परोटा, लिहून ठेव म्हणताना.
त्यानं मला चहा दिला. पान फाडलं.
त्याच पानात समोसा गुंडाळून
हातात ठेवला.

मी म्हणालो, अरे बाबांनो, असं करू नका,
तुम्ही मागा, लिहून द्या, जेवढं असेल तेवढं.
तुमच्या मागण्यानं तो वाचेल.
हे मल्याळममध्ये कसं म्हणायचं, मला येत नव्हतं.
मराठीतही धड आलं नाही.
हमझाक्का एवढंच म्हणाला,
मेलेल्या माणसाकडून कोण घेतो?

रात्री आचऱ्याला फोन लावला.
वहिनीला सगळं सांगितलं, रेघ, पुठ्ठा, कुट्टन,
महिने लागतील, वकील लागेल,
सगळं पंधरा रियालापायी.
पलीकडे कुणीतरी भांडं ठेवलं.
मग ती म्हणाली,
कोर्ट तर कोर्ट.
पण कोणाचा देणा तर ऱ्हवला नाय मां?

नाही, मी म्हणालो. कुणाचंच नाही.
बरा झाला, म्हणाली, आणि रडली, पहिल्यांदाच.

सकाळी अर्ज भरला.
मालमत्तेचा रकाना पुरला, देण्यांचा मोकळा राहिला.
कारकून म्हणाला, रिकामं चालत नाही, काहीतरी लिहा.
समोशाच्या तेलानं पारदर्शक झालेला तो कागद
अजून खिशात होता.
त्यावर तुझं नाव उलटं दिसत होतं.
मी लिहिलं: निरंक.
माझे वीस रियाल मी कुठंच लिहिले नाहीत.