पेल्यातले बुडबुडे

ग्युम्रीत, चौथ्या मजल्यावर,
न्वार्दला अजून दुदुकला हात लावायचा नाही.
आधी पाण्याचा पेला आणि एक नळी:
गालांत हवा राखून ठेव,
नाकाने श्वास ओढ,
बुडबुडे तुटू देऊ नकोस.
बास. अकरा दिवस हेच.

वराझ्दात मास्तर म्हणतात,
अडतेस तिथेच मुक्काम कर,
येतं ते वाजवून स्वतःला फसवू नकोस.
आणि संध्याकाळी खिडकीत
स्वतः येतं तेच वाजवत बसतात.

आज खाली बर्फ खरवडणारं फावडं थांबलं,
तेव्हा तिला ऐकू आलं,
बुडबुडे चालूच आहेत.
कधीपासून, कोण जाणे.

ती दचकली.
तुटले.

जर्दाळूच्या लाकडाचा दुदुक
कपाटात, मोज्यात गुंडाळलेला.
गणिताच्या वहीवर पाणी सांडलंय.
ती बाहीने पुसते,
पुन्हा नळी ओठांत.