मुंग्या सोडल्यावर

शनिवारी दहा वाजून सात मिनिटांनी
पतसंस्थेचा सर्व्हर गुदमरला.
खिडकीबाहेर विडी कामगार बायका,
हातात पासबुकं, बोटांना तंबाखूचा वास.
कॅशियर म्हणाला, मशीन बंद आहे.
सायम्मा मेरगू म्हणाली, मशीन बंद हाय, का तुमी?

मला बोलावलं संध्याकाळी.
लाखो पाकिटं, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता,
एकही खरा नाही.

अशा वेळी पत्ता वाचायचा नसतो,
वाट कुठली जास्त तुडवलीय ते बघायचं.
म्हणून मी मुंग्या सोडल्या,
आकड्यांच्या, एका फेरीला साठ,
सर्व्हरपासून उलट्या, एकेक राउटर हुंगत.
गर्दी दाट तिथं गंध जास्त,
आणि दर फेरीला गंधाचा दहावा हिस्सा
उडून जायला हवा.
न उडाला तर पहिलीच चूक
हमरस्ता होऊन बसते.
(आमच्या विभागात पाहिलंय मी.)

रात्री पंखा गरम हवा नुसती ढवळत होता.
शेंगाचटणीचा डबा उघडा राहिला,
त्याला खऱ्या मुंग्या लागल्या
कुणाचाही प्रबंध न वाचता.

बाबा जागे होते.
चाळीस वर्षं लूमवर,
तुटला धागा अजून बोटानंच शोधतात, मागे मागे जात.
"सापडला का गं चोर?"
चोर नाही, वाट शोधतेय.
"मग चहा टाक."

आधी सगळ्या होटगी रोडच्या एका कॅफेवर जमल्या.
तिथं पोरं क्रिकेट बघत होती, बस्स.
गंध उडायचा वेग वाढवला,
परत सोडल्या.

एकशे बाराव्या फेरीला वळल्या.
हल्ल्याला तोंडं बरीच होती;
सगळ्यात जवळचं अशोक चौकाच्या मागं,
गड्डमकाकांच्या कारखान्यात,
चादरींच्या गठ्ठ्यांवर रोखलेला कॅमेरा.
चोरी होऊ नये म्हणून लावलेला.
पासवर्ड एक दोन तीन चार.
दिवाळीत मीच बसवून दिला होता,
काकूंनी चकल्या बांधून दिल्या होत्या.

कॅमेऱ्यातून बघितलं:
थांबलेले लूम, भिंतीवर मार्कंडेय,
बाकावर वॉचमन झोपलेला, एक चप्पल पायात.
त्याच्या पलीकडे, ज्यानं कॅमेऱ्याला हुकूम दिला
तिथवर गंध उरला नव्हता.

अहवालात 'उगम' असा रकाना होता.
पहाटेपर्यंत तो कोराच.

सोमवारी सायम्माला पैसे मिळाले.
तिनं दोनदा मोजले,
मग कॅशियरला मोजायला लावले.