तपशील, एकास एक

सरांनी फळ्यावर लिहिलं : निसर्गातून घ्या.
दुसऱ्या दिवशी स्टुडिओत शंख आले,
मधमाश्यांची तीन पोळी, फोटोतलं एक वारूळ.
शिरोळच्या ओंकारनं तर सुगरणीचं घरटंच आणलं,
तारेला अडकवलं. पंख्याखाली ते दिवसभर
गोल फिरत राहिलं.
माझ्याकडं काहीच नव्हतं.
मी केएमटी पकडून चिखलीला गेले.

तिथं भिंतींवर पुराची रेघ आहे.
रंग दिला तरी पावसाळ्यात परत वर येते.
मी रेघेला टेप लावला तशा
आक्काताई वरुटे शेणाची पाटी घेऊन थांबल्या.
"रेघ काय बघतीस. म्हस बघ."

त्या रात्री पाणी उंबऱ्याला लागलं
आणि चंद्री, पाच वेतांची, एक शिंग मोडलेलं,
रस्त्यानं गेली नाही.
रस्ता पुढं बुडालेला होता,
पण तिला ते कुणी सांगितलं?
उसाच्या बांधानं तिरकी, चिंचेला वळसा,
मग जांभळाच्या बुडाशी जिथं खडक उघडा पडलाय
तिथं उभी राहून दम खाल्ला, मागं बघितलं,
आणि उलट बाजूनं पुन्हा तिरकी, थेट माळापर्यंत.
तिच्यामागनं बाकीच्या अकरा.
त्यांच्यामागनं माणसं.

दोन दिवस मी ती वाट मोजली.
डंपी लेव्हल माझ्याकडं, स्टाफ आक्काताईंच्या नातवाकडं,
जो दर चार मिनिटांनी खाली बसायचा.
बारा हातांना एक हात चढ.
कुठंच त्याहून जास्त नाही.
आमच्या पुस्तकात हाच उतार आहे, व्हीलचेअरसाठी,
तक्ता क्रमांक आणि तळटीप यांच्यासकट.

मग तेच काढलं : माळाकडं नेणारी वाट,
जांभ्याची, खुरांना धरायला खरबरीत.
तिनं दम खाल्ला तिथं छप्पर, हौद, गव्हाण.
एरवी तिथं दूध मापतील,
म्हाताऱ्या उन्हाला बसतील, पोरं अभ्यासाचं सोंग करतील.
भिंती जवळजवळ नाहीतच.

ज्युरीला पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, कन्सेप्ट?
मी म्हणाले, म्हैस.
मागं कुणीतरी हंबरलं.
बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या,
पण फॉर्ममध्ये म्हैस दिसत नाही कुठं.
नाही दिसत, मी म्हणाले. ती गेली ना वर.
बासष्ट पडले. सुगरणीला चौऱ्याऐंशी.

हॉस्टेलवर मॉडेल ठेवायला जागा नव्हती,
म्हणून दुधाच्या टेम्पोतून चिखलीला नेलं.
आक्काताई त्याच्याभोवती फिरल्या,
माउंटबोर्डाची वाट बोटानं चढल्या.
जांभळापाशी बोट थांबलं.
"झ्याक हाय," म्हणाल्या. "आन् दावं कुठं बांधायचं?"
मी खांबावरची कडी दाखवली. स्टीलची, पक्की.
त्या बघत राहिल्या कडीकडं.
"त्या राती तेरा हुत्या," म्हणाल्या.
"एकीची गाठ भिजून आवळली. सुटंना.
इळा घावंना."

मग वळचणीतनं दाव्याचा तुकडा काढून
माझ्याच मनगटाला एक वेढा, त्यात एक फास.
"वड."
एका हिसक्यात सुटली.
"आता तू बांध. डोळं मिटून.
गुडघ्याएवढं पाणी हाय आसं समज."
सातव्यांदा जमलं.

सबमिशन होऊन गेलंय. गुण बदलत नाहीत.
तरी काल रात्री एक शीट आणखी लावली.
स्केल एकास एक.
तिच्यात उतार नाही, खांब नाही, फक्त गाठ,
ओढायचं टोक बाणानं दाखवलेलं,
आणि अंधारात हाताला ते सापडावं म्हणून
त्या टोकाला एक चिंधी.